मानकरी : जव्हार–मोखाड्यातील पिढीजात देवसेवेविषयी

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ अंगास जे जव्हार व मोखाडा हे दोन तालुके आहेत, त्यांची नावे शहरातील वाचकाच्या कानी बहुधा कुपोषण, पाणीटंचाई आणि स्थलांतर या तीन दुःखांच्या संदर्भातच पडतात. ही दुःखे खरी आहेत, आणि 1992–93 साली वावर-वांगणीच्या परिसरात जी बालके दगावली, त्यांचे स्मरण ठेवूनच या प्रदेशाविषयी काही लिहावे असे मला वाटते. परंतु ज्या प्रदेशाची ओळख केवळ त्याच्या उणिवांवरून करून दिली जाते, तेथील माणसांनी शतकानुशतके जे घडवले, सांभाळले आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवले, ते पाहण्याची आपली दृष्टीच हळूहळू अधू होत जाते, आणि मग तेथील माणूस आपल्याला केवळ मदतीचा अर्थी म्हणून दिसू लागतो, एका मोठ्या व्यवस्थेचा जबाबदार वारसदार म्हणून दिसत नाही. अशाच एका व्यवस्थेचा परिचय करून देणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. होळीपासून वैशाखापर्यंत या डोंगरांतील गावोगाव जो बोहाडा भरतो, त्यात देवांची आणि दैत्यांची सोंगे घेण्याचे काम निरनिराळ्या घराण्यांकडे पिढीजात चालत आलेले आहे; आणि देवकार्याची अशी घरवार वाटणी करणे ही मानवी समाजाची एक अतिप्राचीन युक्ती असल्यामुळे, मोखाड्याच्या एका रात्रीचा विचार करताना सिनाईच्या रानातील एका छावणीपर्यंत जाणे मला अपरिहार्य वाटते.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे. जव्हार हे महादेव कोळी राजांचे संस्थान होते. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा याने चौदाव्या शतकाच्या आरंभी, परंपरेनुसार 1306 साली, ही गादी स्थापन केली. 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने त्याच्या पुत्रास नेमशहा हा किताब देऊन राज्य बहाल केले. आणि 1948 साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ही गादी, कधी पेशव्यांच्या दडपणाखाली तर कधी इंग्रजांच्या मेहेरबानीवर, सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्याचा भाग होता, आणि शहापूर तालुक्यातील एक पेटा एवढीच त्याची दप्तरी ओळख होती. एक मुलूख संस्थानी, दुसरा खालसा. तरीही नागली-वरईची उतारावरची शेती, वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींचा शेजार आणि पावसाच्या आधी येणारा देवीचा उत्सव यांत दोहोंमध्ये काही अंतर पडले नाही. राजाच्या सनदेवर जे चालते ते राजाबरोबर जाते. बोहाड्याला कोणाची सनद नव्हती, म्हणून संस्थान गेल्याने त्याचे काही गेले नाही.

बोहाडा म्हणजे जगदंबेचा उत्सव. तो कोठे तीन रात्री, कोठे सात, कोठे त्याहून अधिक रात्री चालतो. रात्र पडली की देवळासमोरच्या मोकळ्या वाटेच्या दोन्ही कडांना माणसे दाटीने बसतात, मधली लांबट पट्टी मोकळी सोडतात, संबळ आणि सनई सुरू होते, आणि टेंभ्यांच्या उजेडात एकामागून एक सोंग त्या पट्टीवरून नाचत पुढे येते. आधी सूत्रधार, मग गणपती, मग मोरावर बसलेली शारदा, हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा. त्यानंतर रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील पात्रे, आणि त्यांच्याच पंक्तीला खंडेराव, भैरव, वेताळ अशी लोकदैवते येतात. राम, लक्ष्मण, मारुती, रावण, त्राटिका, नरसिंह, भीम यांपैकी प्रत्येकाची पावले वेगळी आणि प्रत्येकासाठी वाजणारी संबळाची चाल वेगळी. जाणता माणूस सोंग दृष्टीस पडण्यापूर्वी केवळ वाद्यावरून ते कोणाचे आहे हे सांगतो. शेवटच्या रात्री, पहाट होता होता, देवीचे सोंग निघते, महिषासुराशी तिचे युद्ध होते, तो पडतो, आणि लोक देवीच्या पाया पडतात. त्या वेळी मुखवट्याखाली कोण आहे हे गावातल्या प्रत्येकास माहीत असते, आणि तरीही पाया पडणाऱ्याच्या मनात कसलाही संकोच नसतो. संवाद जवळजवळ नाहीतच. म्हणून जे अभ्यासक बोहाड्याकडे नाटकाचे एक आदिम रूप म्हणून पाहतात, त्यांच्या हाती त्याचे कवचच तेवढे लागते, असे माझे मत आहे. हे नाटक नसून सेवा आहे, आणि सेवेत प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की ती कोणाकडे आहे.

मुखवटे पूर्वी लाकडाचे होते. आता ते बहुतेक ठिकाणी कागदाचा लगदा खळीत कालवून, साच्यावर थर देऊन, वाळवून आणि रंगवून करतात, आणि जव्हार तालुक्यातील रामखिंडसारख्या गावांनी या कसबात नाव मिळवले आहे. कागदाचा झाला तरी दहा तोंडांचा रावण किंवा पिसाऱ्यासकट शारदा डोक्यावर नि खांद्यावर पेलून तालात नाचणे हे बळकट माणसाचेच काम. मुखवटा कोठे घरी, कोठे देवळात ठेवतात. चढवण्यापूर्वी त्याची पूजा होते, आणि सोंग घेणारा त्या दिवशी उपास धरतो. नवस फेडण्यासाठी कोणी एखादे सोंग घेते, आणि काही गावांत सोंगांची बोली लागून जो अधिक रक्कम देवीच्या कार्यास देईल त्यास ते मिळते; परंतु जेथे जुनी वहिवाट शाबूत आहे, तेथे मारुती अमक्या घरचा आणि त्राटिका तमक्या घरची, हे गावच्या शिवेइतकेच पक्के असते. बाप थकला की मुलगा उभा राहतो. त्याला ते सोंग हवे होते की नव्हते, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. शेताच्या बांधाबरोबर आणि आडनावाबरोबर ते त्याच्याकडे आलेले असते. अशा घरास मानकरी म्हणतात.

आता ज्या प्राचीन उदाहरणाचा मी उल्लेख केला, त्याकडे वळतो. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक सिनाईच्या रानात मुक्काम करीत फिरत असताना त्यांचे देवस्थानही त्यांच्याबरोबर फिरत होते. तो एक निवासमंडप होता, उभारावयाचा, मोडावयाचा, वाहून न्यावयाचा आणि पुन्हा उभारावयाचा. या कामासाठी बारा वंशांतून लेवीचा वंश वेगळा काढण्यात आला, आणि बायबलातील ‘गणना’ या ग्रंथात त्याच्या तीन शाखांना जी कामे नेमून दिली आहेत, ती वाचताना एखाद्या दक्ष कारभाऱ्याची तक्षीमवारी वाचतो आहोत असे वाटते. गेर्षोनाच्या घराण्याकडे कनाती, पडदे, आच्छादने आणि त्यांचे दोर. मरारीच्या घराण्याकडे फळ्या, अडसर, खांब, त्यांच्या बैठका आणि मेखा. कहाथाच्या घराण्याकडे कराराचा कोश, मेज, दीपवृक्ष, वेद्या आणि पवित्र पात्रे. वाहतुकीसाठी गाड्या व बैल आले तेव्हा गेर्षोनांना दोन गाड्या मिळाल्या, मरारींचे ओझे जड म्हणून त्यांना चार मिळाल्या, आणि कहाथांना एकही मिळाली नाही, कारण त्यांच्याकडील वस्तू परम पवित्र असल्यामुळे त्या खांद्यावरूनच न्यावयाच्या होत्या. शिवाय त्या वस्तूंना त्यांनी हात लावावयाचा नव्हता. अहरोनाच्या पुत्रांनी, म्हणजे याजकांनी, त्या आधी आच्छादून द्याव्यात आणि मगच कहाथांनी दांड्यांना खांदा द्यावा, असा नियम होता. तीस ते पन्नास वर्षे वयाचे पुरुष या कामास पात्र. त्यांची शिरगणतीही नोंदलेली आहे: कहाथ 2,750, गेर्षोन 2,630, मरारी 3,200, एकूण 8,580.

या वाटणीत दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, जो सर्वांत पवित्र वस्तूच्या सर्वांत निकट, त्याच्यावरच ओझे आणि बंधने सर्वांत अधिक. निकटतेचा मोबदला म्हणून त्याला सुख दिलेले नाही, गाडीसुद्धा दिलेली नाही. पुढे दावीद राजाच्या काळी हा नियम विसरून कोश नव्या गाडीवर चढवला गेला, बैल अडखळले, उज्जाने सावरण्यासाठी हात लावला आणि तो जागीच मेला, अशी कथा शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. ती कठोर वाटते, परंतु तिच्यामागील भाव असा की खांद्याचे काम चाकाकडे सोपवले की सेवा संपून वाहतूक उरते. दुसरी गोष्ट अशी की, मेखा वाहणाऱ्या मरारीचे नावही त्याच ग्रंथात, तितक्याच काळजीने, लिहिलेले आहे. मेख नसेल तर मंडप उभा राहत नाही. बोहाड्यातही केवळ देवीच्या सोंगाचा मान नसतो. टेंभा धरणारा, वाट मोकळी करणारा, संबळ वाजवणारा, मुखवटा बांधून देणारा, हे सर्व आपापल्या जागी असल्याशिवाय ती रात्र उभी राहत नाही, आणि गावाला हे माहीत असते. देवाचे एक कार्य अनेक घरांत तोडून वाटले की प्रत्येक घर दुसऱ्यास आवश्यक होऊन बसते. वर्षभर शेतावरून, पाण्यावरून, मुलीच्या दिल्याघेतल्यावरून तंटा असलेली दोन घरे त्या रात्री एकमेकांना टाळू शकत नाहीत, कारण एकाकडे राम आहे आणि दुसऱ्याकडे लक्ष्मण.

येथवर मानाची गोष्ट झाली. परंतु बोहाड्यात दैत्यांचीही सोंगे आहेत, आणि मला या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी घरे तीच वाटतात. एखाद्या घरास पिढीजात रावण आलेला असतो, एखाद्यास त्राटिका, एखाद्यास महिषासुर. दरसाल त्या घरच्या पुरुषाने देवाचा शत्रू व्हावे, सगळ्या गावासमोर पराभूत व्हावे, आणि पुढच्या वर्षी तेच करावयास मुलाला शिकवावे, हे त्या घराचे देवकार्य. महिषासुराच्या घरचा माणूसही उपासच धरतो आणि देवीच्याच मुखवट्याइतकी आपल्या मुखवट्याची पूजा करतो. जातिव्यवस्थेच्या दीर्घ सवयीने आपण असे समजून चाललो आहोत की, हीन काम वंशाने आले म्हणजे वंशही हीन ठरतो. या डोंगरांतील गावांनी मात्र दैत्याचे काम वंशाने दिले आणि त्या वंशाला मानकरीच म्हटले. इस्राएलाच्या परंपरेत याला जवळचे असे एक उदाहरण आहे. कहाथाच्याच शाखेतील कोरह नावाच्या लेव्याने, सर्वच मंडळी पवित्र असताना मोशे आणि अहरोन यांनीच स्वतःस उच्च का समजावे, असा सवाल करून बंड केले, आणि भूमीने तोंड उघडून बंडखोरांना गिळले, असे ‘गणना’ ग्रंथ सांगतो. परंतु तोच ग्रंथ पुढे, वंशावळी देताना, एका त्रोटक वाक्यात नमूद करतो की कोरहाचे पुत्र मेले नाहीत. त्या पुत्रांचा वंश पुढे देवळाचा द्वारपाल झाला, आणि स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे त्या कोरहवंशीयांच्या नावावर आहेत. ज्या पुरुषाने मंडपाच्या अधिकाराला आव्हान दिले, त्याच्याच नातवंडा-पतवंडांच्या हाती देवळाचे दार आणि देवाची गाणी सोपवली गेली, आणि पूर्वजाचे नाव त्यांनी लपवले नाही. वंशपरंपरेने केवळ पुण्याईच चालत येत नाही, पूर्वजाच्या पडण्याचे स्मरणही चालत येते, आणि ते स्मरण सेवेत बसवून देण्याचे औदार्य एखादा समाज दाखवू शकतो.

मात्र पिढीजात सेवेचे गुणगान करताना एका ठिकाणी थांबून तिची काळी बाजू पाहणे मला कर्तव्य वाटते, कारण महाराष्ट्राने ती भरपूर भोगली आहे. लेवींना कनान देशात जमिनीचा वाटा मिळाला नाही. बारा वंशांत भूमी वाटली गेली तेव्हा त्यांना वस्तीपुरती अठ्ठेचाळीस नगरे व गुरांसाठी भोवतालची कुरणे मिळाली, निर्वाहासाठी लोकांचा दशमांश मिळाला, आणि त्या दशमांशाचाही दशमांश त्यांनी याजकांस द्यावा असे ठरले. सेवा होती, मिरास नव्हती. आपल्याकडे देवसेवेला वतन चिकटले, वतनाला उत्पन्न, उत्पन्नाला तक्षिमा आणि तक्षिमांना तंटे. पंढरपुरात तर लेवींची आठवण व्हावी इतकी सूक्ष्म वाटणी होती. विठ्ठलमंदिराचा ताबा बडव्यांकडे, रुक्मिणीची सेवा उत्पातांकडे, आणि नित्योपचारासाठी सेवाधारी घराणी: पूजा करणारे पुजारी, मंत्र म्हणणारे बेणारी, स्नानाचे पाणी आणणारे परिचारक, पदे म्हणणारे हरिदास, आरसा दाखवणारे व पायघड्या घालणारे डिंगरे, दिवटी धरणारे दिवटे आणि दंड घेऊन उभे राहणारे डांगे. रचना म्हणून हिच्याइतकी सुंदर रचना क्वचितच आढळेल. परंतु देवापुढे पडणाऱ्या द्रव्याचा हक्क बोलीने विकला जाऊ लागला, भाविकाला दर्शनाच्या वाटेवर अडवणूक सोसावी लागली, आणि अखेर 1973 साली राज्याला पंढरपूर मंदिरे अधिनियम करून हे वंशपरंपरागत हक्क रद्द करावे लागले. त्यावरचा कोर्टकज्जा इतका लांबला की सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अखेरचे शिक्कामोर्तब केले ते जानेवारी 2014 मध्ये. तो निर्णय योग्य होता असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्याही कितीतरी आधी, 1936 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनाविषयीच्या आपल्या प्रबंधात पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये, परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी सनद मिळवील त्या कोणाही हिंदूस ते खुले असावे, असे सुचवले होते. ज्या महारवतनाने एका समाजास पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले, त्याच्या दुरुस्तीसाठी 1928 साली विधिमंडळात विधेयक आणणाऱ्या पुरुषाचा तो अनुभवातून आलेला आग्रह होता.

मग बोहाड्याच्या मानकऱ्याला आपण कोणत्या न्यायाने वेगळे काढावे? माझे उत्तर असे की, येथे वंशाने जे चालत आले ते दुसऱ्यास दूर ठेवण्याचे साधन नाही, स्वतःस बांधून घेण्याचे आहे. सोंगामागे इनाम नाही, जमीन नाही, देवीपुढच्या पैशावर हक्क नाही. उलट मुखवट्याची डागडुजी, वस्त्रे, उपास आणि रात्रीचे जागरण हा खर्चच आहे. एका गावातील सोंगे एकाच जमातीच्या मुठीत सहसा नसतात. आणि याच डोंगरांत जन्माने न मिळणारी देवसेवाही तितक्याच मानाने नांदते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी ही स्त्री असते, आणि तिची पात्रता दुसऱ्या धवलेरीच्या मागे बसून शिकलेल्या गाण्यांवरून ठरते. भगतही जाणत्या भगताजवळ शिकून तयार होतो. लग्नचौक सवासिनींनी लिहावयाचा असतो. म्हणजे एक काम घराण्याचे, एक शिकलेल्याचे, एक सौभाग्याचे. देवाकडे जाणाऱ्या सर्व वाटा एकाच वंशाच्या नाक्यावरून जात नाहीत. इस्राएलातही याजक जन्माने होई आणि संदेष्टा मात्र हाकेने होई. तकोवाचा अमोस हा गुरे राखणारा आणि उंबरांची निगा करणारा माणूस होता, आणि बेथेलच्या याजकाने त्याला हुसकावण्याचा प्रयत्न केला तेव्हा आपण संदेष्ट्याचे पुत्र नसून आपल्याला कळपामागून उचलून आणले आहे, असेच त्याने ठणकावले. ज्या समाजात जन्माची सेवा आणि हाकेची सेवा या दोहोंना जागा असते, त्यात पहिलीचा माज चढण्यास दुसरी आपोआप आडवी येते.

घराणे हे सेवेच्या आधी नसते, सेवेमुळे घराणे होते, याचा पुरावा आपल्याच कोकणात आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हणवले जाणारे बेने इस्राएल लोक स्वतःस त्याच इस्राएलाचे वंशज मानतात. परंतु त्यांच्यात अहरोनाच्या वंशाची म्हणून मान्यता पावलेली याजक घराणी नव्हती. त्यांच्या परंपरेनुसार दावीद रहाबी नावाच्या धर्मशिक्षकाने त्यांना विस्मृत विधी पुन्हा शिकवले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील माणसे निवडून त्यांच्याकडे धर्मकृत्ये सोपवली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या व 1937 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजेतिहासात ही हकीकत दिली आहे. त्या घराण्यांतील पुरुषांना काझी म्हणत. गावोगाव जाऊन सुंता करणे, लग्ने लावणे आणि मुकादमाबरोबर बसून तंटे तोडणे हे त्यांचे काम, आणि ते पुढे पिढीजात झाले. यहुदी धर्म, मुसलमानी अमलातील पदनाम, मराठी गावांवरून पडलेली आडनावे: इतक्या भिन्न धाग्यांचे असूनही हे वस्त्र विणले गेले, कारण लोकांना सेवेकरी हवे होते. शिकलेल्या तिघांकडून काम मुलांकडे गेले आणि तीन घराणी उभी राहिली.

पिढीजात सेवेचा आणखी एक धोका यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरातील दोन घराण्यांच्या कथेत दिसतो. समर्पित भाकरी भाजण्याचे काम गार्मू घराण्याकडे होते आणि सुगंधी धूप कुटण्याचे अब्तिनास घराण्याकडे. दोन्ही घराणी आपली विद्या बाहेरच्या कोणास शिकवीत ना. विद्वानांनी अलेक्झांड्रियाहून कारागीर आणवले, पण त्यांच्या भाकरीला बुरशी धरू लागली आणि त्यांचा धूर सरळ वर जाईना. तेव्हा जुन्याच घराण्यांना वेतन वाढवून परत बोलवावे लागले. मिश्नामध्ये या दोघांचा निषेध नोंदलेला आहे. तालमुदात मात्र त्यांची बाजूही दिली आहे: मंदिर पडणार हे आम्ही जाणतो, आणि आमची विद्या अयोग्य माणसाच्या हाती पडून मूर्तिपूजेस लागू नये म्हणून आम्ही ती शिकवत नाही. शिवाय गार्मूंच्या मुलांच्या हातात कधी मैद्याची भाकरी दिसली नाही आणि अब्तिनासांच्या नववधूने कधी अत्तर लावले नाही, देवाच्या वस्तूतून घरच्यांनी उचलले असा संशयही येऊ नये म्हणून. इ. स. 70 मध्ये मंदिर पडले. त्यांचा निषेध करावा की त्यांना वंदन करावे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. पण त्या नववधूंविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे.

बोहाड्याच्या घरांवर असा आळ येणार नाही. तेथे गुप्त असे काही नाही. जे शिकायचे ते टेंभ्याच्या उजेडात, सगळ्या गावासमोर घडते, आणि पोरे ते पाहून दुसऱ्या दिवशी अंगणात नाचतात. अडचण वेगळीच आहे. दिवाळी उरकली की या दोन तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती पावसापर्यंत फेडावयाची असते, आणि बोहाडा नेमका या मुदतीच्या मध्ये येतो. ज्याच्या घरी सोंग आहे तो एका रात्रीसाठी दोन दिवसांची मजुरी सोडून, पदराचे भाडे भरून गावी येतो. ज्याला येता येत नाही त्याच्याऐवजी भाऊबंदांतील कोणी उभा राहतो, आणि जेथे तोही नसतो तेथे सोंग बोलीवर जाण्याचा मार्ग मोकळा होतो. बोली ही वाईट नाही. तिने देवीच्या कार्याला पैसा मिळतो आणि ज्या घरांकडे पूर्वी काही नव्हते त्यांना संधी मिळते. परंतु तिने पैसेवाल्याचे पारडे जड होते, आणि जी सेवा आजवर कोणत्याही पुस्तकावाचून घराच्या आठवणीत सुरक्षित होती, ती दरसाल नव्या हाती जाऊन त्या सोंगाची पावले पुसट होऊ लागतात.

दुसरे संकट कौतुकाचे आहे. शहरांतील महोत्सवांत बोहाड्याला बोलावणे येते, आठ-दहा मुखवटे टेम्पोत घालून नेले जातात, वीस मिनिटांच्या कार्यक्रमात गणपतीपासून महिषासुरापर्यंत सर्व उरकावे लागते, आणि रावण कोणी घ्यावा हे पथकाचा चालक उंची पाहून ठरवतो. कलावंतांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर त्यांच्या आड येण्याचा मला अधिकार नाही. शासनाने किंवा एखाद्या संस्थेने बोहाड्याला साहाय्य द्यावयाचे मनात आणले, तर मात्र मी एवढेच सांगेन की ते सोंगावार, माणसावार मानधन म्हणून देऊ नये. तसे दिले की पाच-दहा वर्षांत प्रत्येक मुखवट्यामागे एक हक्कदार उभा राहील, त्याच्या तक्षिमा पडतील, आणि पंढरपूरच्या दाव्यांची लहान आवृत्ती मोखाड्याच्या कचेरीत सुरू होईल. साहाय्य गावाला एकत्र द्यावे: मुखवट्यांच्या डागडुजीला, टेंभ्यांच्या तेलाला, संबळवाल्यांच्या बिदागीला, आणि भट्टीवरून सोंगासाठी येणाऱ्या माणसाच्या एस.टी. भाड्याला व बुडालेल्या मजुरीला. त्यांपैकी शेवटची बाब आजवरच्या कोणत्याही योजनेत मला आढळलेली नाही, आणि मला तीच सर्वांत निकडीची वाटते.